चिंगीचं ल्यूर कोर्सिंग : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर

आजपासून वेगळी वही. चिंगी, मादी, वय अडीच वर्षं, खांद्यापाशी उंची ५२ सेंटिमीटर, वजन १७ किलो. जात विचाराल तर मिश्र. छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, पाय लांब. कुठंतरी मागच्या पिढीत कारवानी किंवा मुधोळ या शिकारी कुत्र्यांचं रक्त असावं असं बघणारे म्हणतात. असेलही. खात्रीची गोष्ट एवढीच, की हिचा डोळा आधी पळतो. नाक आणि कान मागून पोचतात. खार, सायकल, वाऱ्यावर उडालेला कागद, काहीही हललं की ही निघाली. त्यामुळे मोकळं सोडायची सोय नाही, आणि लीडवर कितीही चाललं तरी तिचं पळणं भागत नाही. तेव्हा ल्यूर कोर्सिंग करून बघायचं ठरवलंय.

धाकट्या भावाला सांगितलं तर म्हणाला, "ताई, हिला पळायला शिकवणार तू?" पळायला नाही. शिकवायचंय ते पळण्याच्या आधीचं आणि नंतरचं. सुटायच्या क्षणापर्यंत धरून ठेवता आलं पाहिजे, आणि संपल्यावर ती हातात आली पाहिजे. मधला भाग तिचा.

खेळ असा : मैदानात जमिनीलगत दोरी फिरवायची, तिला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायच्या आणि मोटरनं ओढायची. पिशव्या सशासारख्या वळणं घेत पळतात आणि कुत्रा मागं. हीच पिशवी म्हणजे ल्यूर.

१६ ऑक्टोबर

थोडं वाचन. जिवंत सशामागं कुत्रे सोडायचा प्रकार फार जुना. इंग्लंडातली वॉटरलू कप ही त्यातली गाजलेली स्पर्धा १८३६ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये शेवटची भरली. २००४ च्या हंटिंग अ‍ॅक्टनं, म्हणजे शिकारबंदीच्या कायद्यानं, ती संपवली. बरं झालं. पिशवीचा प्रकार मात्र या बंदीच्या कितीतरी आधीचा. तो कॅलिफोर्नियात सत्तरच्या दशकाच्या तोंडावर आकाराला आला, आणि त्याचं कारणही दयेपेक्षा व्यवहाराचं होतं : मोकळ्या रानात सशामागं सुसाट सुटलेले कुत्रे काटेरी तारांच्या कुंपणात फाटायचे. १९७२ मध्ये अमेरिकन साइटहाउंड फील्ड असोसिएशन निघाली आणि खेळाला नियम आले.

साइटहाउंड म्हणजे नजरेवर शिकार करणारे : ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी, अफगाण, बोर्झोई वगैरे. अमेरिकन पद्धतीत ते तिघा-तिघांनी पळतात, अंगावर पिवळं, गुलाबी आणि निळं जॅकेट. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या युरोपीय पद्धतीत जोडीनं, लाल आणि पांढरं. अमेरिकन केनेल क्लबचे परीक्षक एकंदर क्षमता, पाठलाग, वेग, चपळाई आणि दम अशा पाच गोष्टींना प्रत्येकी १० गुण देतात. यातला 'पाठलाग' मला फार आवडला. अनुभवी कुत्रे कोर्स, म्हणजे पिशवीची मांडलेली वाट, ओळखायला लागतात. पिशवी वळसा घालून कुठं येणार हे हेरतात, मधूनच आडवे जातात आणि पुढं जाऊन उभे राहतात. शिकारीत याला अक्कल म्हटलं असतं. इथं गुण कापतात.

आमच्यासाठी हे नाही. मिश्र कुत्र्यांना एकट्यानं पळायच्या चाचण्या खुल्या असतात. त्याच क्लबची कोर्सिंग अ‍ॅबिलिटी टेस्ट २०११ पासून आहे : एरवी ६०० यार्ड, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास, दोन मिनिटांत, बुटक्या, चपट्या तोंडाच्या आणि वयस्क कुत्र्यांना ३०० यार्ड, दीड मिनिटात. पास किंवा नापास, तिसरं काही नाही. २०१६ पासून फास्ट कॅट नावाची चाचणी आली : सरळ १०० यार्ड, वळण नाही, घड्याळाशी सामना. वेग ताशी मैलांत काढायचा आणि उंचीप्रमाणे गुणायचा. १८ इंच किंवा वर असेल तर एकनं, १२ ते १८ च्या मधल्यांना दीडनं, १२ च्या आतल्यांना दोननं. म्हणजे ताशी १५ मैलांनी दुडदुडणारं बुटकं डॅशंड ३० गुण घेऊन जाणार आणि तेवढ्याच वेगाची चिंगी १५. मला हा हिशेब पटतो.

आम्ही ज्या सराव गटाकडे जाणार आहोत तिथं गुणबिण नाहीत. मोठ्या चाचणीच्या निम्म्याहून थोडा जास्त, वळणांचा कोर्स. पहिल्या वेळेला पुरे.

२१ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे जाऊन आलो. हृदय, गुडघे, पाठ, खुबे, सगळं ठीक. बारा महिन्यांच्या आत या खेळात कुत्रा का घेत नाहीत तेही समजावून घेतलं : हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात, त्या भरून येईपर्यंत सुसाट वळणं घेतली तर तिथंच इजा होते. मोठ्या चणीच्या जातींत हे दीड वर्षापर्यंतही चालतं. चिंगी त्यातून सुटलेली आहे.

पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला वर जे अंगठ्यासारखं नख असतं ते बिनकामाचं असं मी समजत होते. डॉक्टरांनी पंजा मनगटात वाकवून दाखवला. भरधाव पळताना मनगट एवढं दबतं की ते नख जमिनीला लागतं आणि वळताना पाय रोवायला मदत करतं. म्हणूनच ते वाढलेलं असलं तर अडकून फाटतंही. सगळी नखं कापून घेतली. चिंगीचं मत कोणी विचारलं नाही.

२७ ऑक्टोबर

घरच्या सरावासाठी छडी केली. दीड मीटर पीव्हीसी पाइप, आतून ओवलेली जाड सुती दोरी, टोकाला पांढऱ्या पिशवीच्या पट्ट्या. पट्ट्याच का, तर त्या फडफडतात आणि सळसळतात. कुत्र्याच्या डोळ्याला निळा-पिवळा समजतो, लाल-हिरव्यात फार फरक दिसत नाही. हिरव्या गवतावर लाल चिंधी त्याला मळकट वाटणार, पांढरं मात्र उठून दिसतं. शिवाय त्याची नजर बारीक तपशिलापेक्षा हालचालीला तयार.

दोरी ताणणारी घ्यायची नाही. दातातून सुटली तर उलटी येऊन डोळ्यावर बसते.

३ नोव्हेंबर

छडीचे नियम ठरले : पिशवी जमिनीवरच, हवेत उडवायची नाही, उड्या मारून वेडंवाकडं उतरणं सांध्यांना महाग पडतं. आपल्याभोवती घट्ट गोल फिरवायचं नाही, लांबलचक कमान काढायची. दोन्ही दिशांना सारखं. दोन-तीन मिनिटं झाली की संपवायचं, ती आणखी मागत असतानाच. आणि शेवटी पिशवी तिला मिळाली पाहिजे. कधीच न सापडणाऱ्या गोष्टीमागं शहाणा कुत्रा किती दिवस पळेल?

पिशवी हलायच्या आधी तिच्याकडे बघण्यासारखं असतं. मान खाली जाते, पाठीच्या रेषेत येते. कान मागं चिकटतात. पुढचा डावा पाय उचलून तसाच राहतो, पंजा मनगटातून लोंबता. मिशांची टोकं थरथरतात, बाकी अंग दगड. शिकारीचा क्रम प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक असा सांगतात : हेरणं, रोखून बघणं, दबा, पाठलाग, पकड, मारण्याचा चावा. माणसानं वेगवेगळ्या जातींत यातले वेगवेगळे तुकडे वाढवले. मेंढ्या राखणारा बॉर्डर कॉली रोखून बघण्यापाशी रेंगाळतो. साइटहाउंडमध्ये पाठलागाचा तुकडा सर्वांत ठळक. चिंगी पकडीपर्यंत येते, पिशवी दोनदा झटकते आणि मग माझ्याकडे बघते.

तिथंच "सोड" शिकवायचं काम सुरू केलं. ओढाओढ नाही. मी पिशवी मेल्यासारखी पडू देते, दुसऱ्या हातात खाऊ. तिनं तोंड उघडलं की खाऊ आणि लगेच पिशवी पुन्हा हलवते. सोडलं म्हणजे गेलं असं तिला वाटता कामा नये.

१० नोव्हेंबर

धरून ठेवणं. सगळ्यात कटकटीचं काम हेच निघालं.

नेहमीचा हार्नेस चालत नाही. खांदे आखडतात आणि दोरीत अडकायची भीती. रुंद, चपटी कॉलर असते, तिच्या कडीतून लांब पट्टा ओवून दोन्ही टोकं हातात धरायची. सोडताना एक टोक सोडलं की पट्टा सरकन निघून येतो आणि कुत्रा मोकळा. याला स्लिप लीड म्हणतात. वाचायला सोपं वाटतं. १७ किलोचं कुत्रं मागच्या पायांवर उभं राहून किंचाळतंय आणि आपण एक टोक शोधतोय, हा प्रकार वेगळा.

उपाय : पट्टा बोटांभोवती गुंडाळायचा नाही, कधीच नाही. मी गुडघ्यावर बसते, डावा हात तिच्या छातीखालून आणि उजव्या हातात पट्टा. भाऊ समोर वीस पावलांवर पिशवी ओढतो. ती शांत असेल तरच पिशवी पुढं सरकते. आरडाओरडा झाला की पिशवी थांबते. अगदी आवाज बंद झाला नाही, पण चारही पाय जमिनीवर राहायला लागलेत. इतपत चालेल.

१७ नोव्हेंबर

पाऊस. ओल्या गवतावर वळणं नकोत. नुसतं चालणं.

२३ नोव्हेंबर

आज चिंगीला घरी ठेवून मैदानावर गेलो, कोर्स मांडायला मदत करायला. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकानं एकदा बिनकुत्र्याचं यावं असं मी म्हणेन. आपलं जनावर हातात असताना दुसरं काही दिसत नाही.

यंत्र अगदीच साधं. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, स्टार्टरसारखी मोटर, तिच्या दांड्यावर चाक आणि हातात बटण. चाकावरून निघालेली दोरी मैदानभर कप्प्यांमधून फिरून पुन्हा चाकावर येते, म्हणजे अखंड वेढा. दुसऱ्या पद्धतीत दोरीचं एक टोक चाकावर गुंडाळत आणतात. वेढ्याचा फायदा असा की प्रत्येक कुत्र्यानंतर दोरी पुन्हा पसरावी लागत नाही. दोरी म्हणजे खरं तर जाड मासेमारीचा विणलेला दोरा. मी अंगठ्याखालून हळूच सरकवून बघितला. हातानं ओढला तरी चटका जाणवला. मोटरवर तो ताशी पन्नास-साठ किलोमीटरनं धावत असताना कुत्र्याच्या पायाला घासला तर कातडी सोलून काढेल. म्हणून वळणं अशी मांडायची की कुत्र्याला धावत्या दोरीला आडवं जावं लागू नये, आणि दोन समांतर दोऱ्या जवळजवळ येऊ नयेत.

कप्प्या खिळ्यांनी जमिनीत ठोकतात. खिळ्याचं डोकं गवताच्या पातळीला. आम्ही सगळा कोर्स पायी फिरलो, खड्डे, दगड, काचा, उंदरांची बिळं बघत. एक बीळ पहिल्या वळणाच्या बाहेर सापडलं, जिथं वेगातला कुत्रा हमखास फेकला जाईल अशा जागी. कप्पी आठ-दहा मीटर सरकवली आणि वळण उघडं केलं.

मोटर चालवणाऱ्यांना सगळे काका म्हणतात. स्टुलावर उभे राहतात, कारण नजर पूर्ण मैदानावर हवी. पिशवी कुत्र्याच्या पुढं दहा ते तीस मीटर राहिली पाहिजे. फार जवळ आली तर कुत्रा वळणावर झडप घालून कोलांटतो, फार लांब गेली तर त्याचा विषय संपतो. आणि प्रत्येक कुत्र्याचा वेग निराळा. मी विचारलं, "काका, तुम्ही पिशवीकडे बघता की कुत्र्याकडे?"

"कुत्र्याच्या कानाकडे," म्हणाले. "कान उभे झाले म्हणजे ते दुसरं काहीतरी बघतंय. मग मी पिशवी जरा झटकतो."

माझ्या मते या खेळातला खरा खेळाडू स्टुलावरच असतो. बक्षीस मात्र कुत्र्याला.

३० नोव्हेंबर

दमाचं. छडी रोज नाही. एक दिवस छडी, मग दोन दिवस चढावरचं चालणं आणि लांब लीडवर दुडकी. भरधाव पळताना कुत्रा एका झेपेत दोनदा पूर्ण हवेत असतो : एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, एकदा पुढंमागं ताणलेले असताना. चित्ताही असाच पळतो. त्यात सगळा भार पाठीच्या आणि मांडीच्या स्नायूंवर, आणि ते गार असताना सोडलं तर ओढले जातात. सुटायच्या आधी दहा मिनिटं चालणं-दुडकी ठरवून टाकली. पळायच्या आधी चार तास पोटात जेवण नाही.

७ डिसेंबर

दिवस थंड आणि कोरडा. मुद्दाम सकाळची वेळ मागितली होती.

गाडी लांब लावली. कोर्स दिसतोय तिथं कुत्र्याला उभं ठेवलं तर तो दुसऱ्यांना पळताना बघून पळायच्या आधीच दमतो. तरीही मोटरचा आवाज आला तशी ती गाडीत गोल फिरायला लागली. हा आवाज तिनं पूर्वी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या कुत्र्यांच्या किंचाळण्यानं कळलं असेल.

नखं, पंजाच्या गाद्या, अंगठे, सगळं तपासलं. चालणं झालं. आमचा नंबर आला तेव्हा भाऊ शेवटच्या कप्पीपाशी जाऊन उभा राहिला, लीड घेऊन. मी सुरुवातीच्या रेषेवर गुडघ्यावर. पिशवी तीन-चार मीटरवर पडलेली होती आणि चिंगी तिच्याकडे न बघता पलीकडच्या माणसांकडे बघत होती. काकांनी पिशवी थोडी सरकवली. डोकं फिरलं. मान खाली. मग छातीखालच्या माझ्या हाताला तिचं हृदय लागायला लागलं, इतकं जोरात की मला वाटलं मीच थरथरतेय.

"मी सोडा म्हणेपर्यंत सोडू नका हं, ताई."

पिशवी सुटली. "सोडा!"

पट्टा सरकन निघाला. पहिल्या सरळ टप्प्यात मी तिला इतकी खाली झालेली कधी पाहिली नव्हती, पोट गवताला घासतंय की काय असं. आवाज अजिबात नाही; जी घरी किंचाळते ती पळताना मुकी. पहिल्या वळणावर पिशवी डावीकडे गेली आणि ही सरळ. सुमारे पंधरा मीटर बाहेर, म्हणजे मागच्या वेळी बीळ सापडलं होतं त्याच बाजूला. थांबली, डोकं वर, कान उभे. काकांनी मोटर जवळजवळ बंद केली, पिशवीला दोन झटके दिले. दिसली. तिथून पुढं मात्र वळणावळणाला चिकटून. दुसरं वळण तिनं मागचे पाय खाली घेऊन घेतलं, गवताचा एक तुकडा उडाला तो मला इथून दिसला. तिसऱ्यानंतर वेग उतरला, पण सोडलं नाही.

शेवटच्या कप्पीच्या अलीकडे पिशवी थांबली आणि चिंगी तिच्यावर. भावानं ठरल्याप्रमाणे आधी कॉलर पकडली, लीड लावलं. दोरीला हात नाही. मग ओरडला, "ताई, ही देईना!"

मी धावत पोचले. "सोड." डोळे पांढरे, जबडा घट्ट. खाऊ दाखवला तर नाकही हललं नाही. घरचं "सोड" घरीच राहिलं. काकांनी मोटरचा प्लग काढल्याचा हात केला, तेव्हा मी पिशवी तिच्या तोंडापाशी घट्ट धरून ठेवली, हलणं बंद, ओढणं बंद. थोड्या वेळानं मेलेल्या पिशवीतला रस संपला आणि तिनं धापा टाकायला तोंड उघडलं.

यानंतरची पंधरा मिनिटं पळण्यापेक्षा महत्त्वाची. बसू द्यायचं नाही, चालवत ठेवायचं. पोटाला, जांघांत आणि पंजांना पाणी लावलं. प्यायला घोट-घोट, एकदम भांडं भरून नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास. शर्यतीनंतर ग्रेहाउंडचं ४१ च्याही वर जातं. चिंगीचं ४०.६ भरलं. चालवून, भिजवून पुन्हा बघितलं तेव्हा ३९.४. हिरड्या गुलाबी, दाबल्या की लगेच रंग परत. उतरत नसतं, किंवा पाय लटपटले असते, लाळ घट्ट झाली असती, तर थेट डॉक्टर.

दुसऱ्यांदा पळवायचं का असं गटातल्यांनी विचारलं. ती तयार होती, लीड ओढत होती. नको म्हटलं. इजा दमलेल्या अंगाला होतात, आणि दमलोय हे अशा वेळी तिला कळत नाही.

८ डिसेंबर

सकाळी उठताना जरा आखडलेली, दहा पावलांत मोकळी. लंगडत नाही. मागच्या उजव्या पंजाच्या मधल्या गादीला नाण्याएवढा पापुद्रा सुटलाय, रक्त नाही. मिठाच्या कोमट पाण्यानं धुतला, कोरडा केला, चाटू दिला नाही. बोटं एकेक करून वाकवून बघितली. एका बोटालाही पाय मागं घेतला नाही. लघवीचा रंग नेहमीचा. अतिश्रमानं स्नायू फुटले तर ती गडद, तांबूस होते, म्हणून दोन दिवस लक्ष ठेवायचं.

आज फक्त सावकाश चालणं.

१४ डिसेंबर

पापुद्रा वाळून पडला. खाली गुलाबी, घट्ट कातडी आहे. छडी अजून चार दिवस नाही.

सगळे विचारतात की या खेळानं ती खारींमागं जास्त लागेल का. आठवडाभरात तरी फरक दिसला नाही, कमीही नाही नि जास्तही नाही. रस्त्यावर पिशवी उडाली तर मात्र आता दोन क्षण जास्त बघते. तेवढ्यात मी तिला हाक मारू शकते, म्हणजे हे माझ्या फायद्याचंच.

पुढचा सराव जानेवारीत. तोवर दोन कामं. एक, "सोड" घराबाहेर, तीन वेगवेगळ्या जागी, दमलेली असताना. दोन, वळणं : भाऊ पिशवी बांधलेली लांब दोरी जमिनीत ठोकलेल्या एका कप्पीतून ओढणार, हातानं, मोटर नाही, म्हणजे पिशवी नजरेसमोरून वळते हे तिला हळू वेगात कळेल. काकांना फोन करून कप्पी कुठली घेऊ विचारलं. म्हणाले, चाकावरून दोरी निसटणार नाही अशी झाकलेली घ्या, आणि कुत्रं आणायच्या आधी एकदा स्वतः त्या दोरीच्या शेजारून पळून बघा.